कुठवर आलं?

"जिवंत आहे का?"

सिंदेवाहीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायला लागले, त्या सकाळी क्लास चालवणाऱ्या सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी दचकले. घरात कुणी आजारी असेल असं वाटलं. पण सरांचं बोट कोपऱ्यातल्या मशीनकडे होतं. तालुक्यातल्या शाळांची ओळखपत्रं करायचं काम क्लासला मिळालं होतं आणि ते मशीन पोरांचे फोटो एकेक करून लहान करत होतं. पडदा काळा होता. त्यावर एक पांढरी रेघ नुसती लुकलुकत होती.

"चालू आहे सर," मी म्हटलं.

"तुले कसं समजलं?"

मी लुकलुकणाऱ्या रेघेकडे बोट केलं. सर मशीनच्या डब्याला कान लावून थोडा वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मुक्यानं काम करनारा आन मेलेला, भायेरून दोघंही सारखेच दिसते, पोरी. याले बोलतं कर."

सर तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. उंच, पण चालताना मान अशी खाली घालत, की जणू डोक्यावर सारखं कुठलंतरी छप्पर आहे. उघड्या मैदानातसुद्धा तसेच चालायचे. तरुणपणी कोळशाच्या खाणीत होते, ते सोडून इकडे आले, एवढंच गावाला ठाऊक होतं. काऊन, म्हणजे का सोडलं, हे कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

त्यांची एक खोड साऱ्या गावाला माहीत होती. नजरेआड चाललेलं काम त्यांना सहन होत नसे. क्लास घरातच होता. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, स्वयंपाकघरात गेल्या की तिथून त्यांनी आवाज द्यायचा, असा घरचा नियम. क्लासमध्ये मी पोरांना शिकवत असायची आणि मागच्या खोलीतून काकूंची ललकारी यायची, "तांदूळ धुतले हो! आता कुकर लावून राह्यली!" पोरं हसायची. सर गंभीरपणे मान हलवायचे. लग्नात पंगतीची वाट पाहत ताटकळलेल्या लोकांना ते मांडवातून येऊन सांगत, "बुंदी फिरून राह्यली. ताक राह्यलं आहे." वीज गेली की वायरमनला फोन. "लाइट कधी येते ते नाई इचारत मी. पोलवर कोनी चढलं का, तेवढं सांग." न्हाव्याच्या खुर्चीत डोळे मिटून बसले तरी मध्येच विचारायचे, "कुठवर आलं?" न्हावी वैतागून म्हणायचा, "कानापर्यंत आलो, सर."

आम्ही हसायचो. पण मशीन गप्प झालं की सरांच्या कपाळावर घाम येई, तो मी पाहिला होता. ते हसण्यासारखं नव्हतं.

दोन हजारचं दशक अर्ध्यावर आलं होतं. पायथन ही भाषा मी एका जाड पुस्तकावरून आणि नागपूरहून आणलेल्या सीडीवरून शिकले होते. आमच्या भागात ते नावसुद्धा कुणी ऐकलेलं नव्हतं. एकच काम हजार वेळा करायचं असेल तर दोन ओळींत फेरा लिहायचा आणि मशीनला जुंपायचं, हे मला फार आवडे. सरांना फेरा आवडे, पण त्याचा मुकेपणा नव्हे.

म्हणून मी पहिल्यांदा प्रत्येक फोटोमागे एक टिंब छापायला लावलं. चालू केलं आणि सर स्टूल ओढून समोर बसले. पडद्यावर काहीच येईना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सर उठून येरझारा घालू लागले. काम संपलं तेव्हा सगळी टिंबं एकदम धाडकन पडद्यावर ओतली गेली. मशीन टिंबं मनात साठवून ठेवत होतं. प्रत्येक वेळी ती बाहेर ढकलायला त्याला वेगळं सांगावं लागतं, हे मला माहीत नव्हतं.

"काम झाल्यावर आलेली खबर म्हनजे तेरवीले आलेला डॉक्टर," सर म्हणाले.

ते दुरुस्त केलं. मग मी उत्साहात प्रत्येक फोटोला अख्खी ओळ छापू लागले, तर मशीनचा अर्धा वेळ बडबडण्यातच जाऊ लागला. सर म्हणाले, "पावलापावलाले बोंबलू नोको. थोडं चाल, मंग सांग." शेवटी ठरलं ते असं : आधी एकंदर किती फोटो आहेत ते मोजून घ्यायचं, मग शंभरातले किती झाले तो आकडा एकाच ओळीत, जुन्यावर नवा, बदलत राहील. त्याशेजारी हातात असलेल्या फाइलचं नाव. हे नाव घालायला मी नाराज होते, पण सर अडून बसले. "किती झालं ते पायजे, आन हातात काय आहे तेही पायजे." उरलेला वेळ दाखवू का, असं मी विचारलं. त्यावर ते इतक्या जोरात "नाई!" म्हणाले, की मागून काकू बाहेर आल्या.

त्यांना मी खरोखर रागावलेलं एकदाच पाहिलं. आमच्या एका हुशार विद्यार्थ्याने प्रोजेक्ट केला होता. त्यात एक सुंदर हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत जायची. सर खूश झाले. मग त्यांनी मध्येच नेटवर्कची वायर काढली. काम थांबलं, पट्टी मात्र भरतच राहिली. त्याने पट्टी घड्याळावर चालवली होती, कामाशी तिचा संबंधच नव्हता. पोरगा हसून म्हणाला, "सर, पाहनाऱ्याले बरं वाटते."

सरांचा चेहरा राखेसारखा झाला. "मिटव," ते म्हणाले. "माह्या देखत मिटव." आवाज चढला नव्हता, पण पोराचं हसू गेलं आणि त्याने पट्टी मिटवली. एका खोट्या पट्टीसाठी एवढं? आम्हाला समजलं नाही.

पुढे वनखात्याचंही काम क्लासकडे आलं. जंगलात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांत वाघांचे फोटो पडायचे. ते नीट लावून ठेवायचे, प्रत्येकातला वाघाच्या कुशीचा भाग कापून वेगळा करायचा, असं काम. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. तेव्हा मी हौसेने एक प्रोग्राम लिहिला : एका फोटोतले पट्टे घ्यायचे आणि ढिगातल्या प्रत्येक फोटोवर सरकवून, लहानमोठे करून, जुळतात का पाहायचं. फार हळू चालायचा. पण रेंजर साहेबांनी तो पाहून ठेवला होता.

त्या वर्षी मोहफुलांच्या दिवसांत आमच्या शेजारच्या गावातल्या सुखदेवची बायको कुंदा पहाटे फुलं वेचायला गेली आणि वाघाने तिला उचललं. त्या मोसमातला तो दुसरा बळी. वनखात्याने त्या जागी कॅमेरा बांधला, आणि वाघ परत आला. तो फोटो मी पाहिला आहे. मान खाली, डावी कूस पूर्ण समोर, डोळे फ्लॅशने पांढरे. फोटोच्या कडेला कुंदाची टोपली होती. त्यानंतर कितीतरी दिवस मी डोळे मिटले की आधी ती टोपली दिसे.

वाघ पकडायचा हुकूम वरून यायचा होता, आणि हुकुमासाठी नेमका कोणता वाघ ते सांगावं लागे. रेंजर साहेब फोटो घेऊन सकाळीच जीपने क्लासवर आले. त्यांच्या मागोमाग दोन ट्रॅक्टर आले. ट्रॉल्यांमध्ये माणसं उभी, हातात काठ्या, कुऱ्हाडी. पुढच्या ट्रॉलीत मधोमध वनरक्षक देवरावभाऊंना बसवलेलं. त्यांची टोपी कुणीतरी काढून घेतली होती.

"उत्तर भेटल्याबिगर हा मानूस आमच्यापासून जात नाई," एक जण ओरडला. "तुमी टाइम काढून राह्यले. तिकडं बाया मरून राह्यल्या!"

देवरावभाऊंच्या शेजारी सुखदेव बसला होता, गुडघ्यात हात घालून.

मी प्रोग्राम सुरू केला. आधी एकंदर मोजणी झाली, मग आकडा आला : एक. माझ्या मागे रेंजर साहेबांचा श्वास ऐकू येत होता. वऱ्हांड्यावरच्या पत्र्यावर कुणीतरी काठी आपटत होतं, एकसारखी.

सर पडद्यासमोर थोडा वेळ उभे राहिले आणि बाहेर गेले.

"ऐका," ते म्हणाले. "जंगलातल्या साऱ्या फोटोयचा ढीग आहे. मशीन एकेक फोटो पाहून राह्यली. ढिगाचे शंभर वाटे केले असं समजा. त्यातला एक झाला. मी इथीच आहे. पुढं सरकलं की सांगीन."

"कधी होईन ते सांगा!"

"ते मले सांगता येत नाई. कुठवर आलं ते सांगतो."

शिव्या आल्या. सर आत आले, पुन्हा बाहेर गेले. "पाच झाले." पुन्हा आत. "बारा झाले."

"बारा वाघ?"

"वाघ नाई. वाटे. शंभरातले बारा."

असं तासन् तास चाललं. ऊन चढलं. एवढी माणसं इतका वेळ टिकली ती कशामुळे, हे मी आतून ऐकत होते. आधी प्रत्येक आकड्यावर आरडाओरडा व्हायचा. तिशीनंतर फक्त कुजबुज. पन्नास झाले तेव्हा पत्र्यावर आपटणारी काठी थांबली. काकूंनी माठ बाहेर नेऊन ठेवला. सर दारात आले की माणसं आपणहून गप्प होऊ लागली. भीती गेली नव्हती. तिला बसायला जागा मिळाली होती, इतकंच.

अडुसष्टवर आकडा थांबला.

मी वाट पाहिली. हलेना. सर आत आले, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बाहेरून आवाज आला, "सर, कुठवर?"

रेंजर साहेब हळूच म्हणाले, "सत्तर झाले म्हणून सांगा ना. त्यांना काय कळतंय? माझा माणूस आहे त्यांच्यात."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या हिरव्या पट्टीच्या दिवशीचा चेहरा मला पुन्हा दिसला. ते बाहेर गेले.

"अडुसष्टवर थांबलं आहे. हालून नाई राह्यलं. काऊन, ते मले माहीत नाई."

मग एकदम कल्लोळ. एक दगड पत्र्यावर आदळला, दुसरा खिडकीच्या गजावर. "लपवून राह्यले!" "वाघ वाचवून राह्यले!" खिडकीतून मी पाहिलं, देवरावभाऊंची कॉलर धरून कुणीतरी त्यांना उभं केलं होतं. त्यांचे पाय ट्रॉलीच्या फळीला टेकत नव्हते.

सर पायऱ्या उतरले. तशीच मान खाली घालून गर्दीत शिरले, ट्रॉलीचं चाक धरून वर चढले आणि देवरावभाऊंच्या शेजारी जाऊन बसले.

"आता मीही तुमच्यापाशीच," ते म्हणाले. "पोरगी आत पाहून राह्यली."

पोरगी म्हणजे मी. माझी बोटं कीबोर्डवर होती. प्रोग्राम तोडला तर सकाळपासूनचं सारं पुन्हा पहिल्यापासून. नाही तोडला आणि तो खरंच मेलेला असला, तर आम्ही एका प्रेतासमोर बसून होतो. आकड्याशेजारी फाइलचं नाव दिसत होतं, सरांनी हट्टाने घालायला लावलेलं. मी पडद्यावरच्या दुसऱ्या खिडकीत ती फाइल शोधली. जुन्या रिळाच्या काळातला फोटो होता तो, कागदावरून स्कॅन केलेला. आकार पाहिला. बाकीच्या फोटोंच्या कितीतरी पट मोठा. तो कापायचा, लहान करायचा राहून गेला होता.

मी वऱ्हांड्यात आले. एवढे डोळे माझ्याकडे वळले.

"सर, मोठा फोटो लागलाय! म्हणून वेळ लागतोय. मेलेलं नाही, चालू आहे!"

सरांनी ट्रॉलीतूनच विचारलं, अगदी वर्गात विचारावं तसं, "तुले माहीत आहे, का वाटते?"

माझ्यापासून हातभर अंतरावर एक माणूस दगड घेऊन उभा होता.

"वाटतं," मी म्हटलं.

"मंग तसंच सांग याहिले."

"मला वाटतं की चालू आहे," मी लोकांना म्हटलं. "खात्री नाही."

कोणी हललं नाही. मग सुखदेवने मान वर केली. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला. "बसा रे," तो म्हणाला. "खोटं बोलाचं असतं तं कवाच बोलले असते."

देवरावभाऊंची कॉलर सुटली. मी आत धावले. पडद्यासमोर उभी राहून जन्मात कधी देवाला केली नसेल अशी विनवणी त्या आकड्याला केली. बऱ्याच वेळाने तो एकोणसत्तर झाला. मी ओरडले आणि बाहेर कुणीतरी रडल्यासारखं हसलं.

शंभर झाले तेव्हा उन्हं कलली होती. जुळणारा फोटो मिळाला तर त्याचं नाव खाली येणार होतं. नाव आलं नाही. मी पुन्हा पाहिलं. खालची ओळ रिकामी होती.

रेंजर साहेब स्टुलावर बसले. "म्हणजे हा आमच्याकडचा नाहीच," ते म्हणाले. "नवाच कुठून तरी आलाय."

सरांना मी बोलावलं. त्यांनी वाचलं, मला हाताला धरून वऱ्हांड्यात आणलं आणि सांगितलं, "पुरं झालं. सारे फोटो पाह्यले. हा वाघ त्यात नाई."

मी दगडाची वाट पाहत होते. दगड आला नाही. शंभरापर्यंतचे आकडे त्यांनी स्वतः ऐकले होते. त्यावर संशय घ्यायला कुणाकडे काही उरलं नव्हतं.

"म्हंजे तो कोनता, कुठचा, कोनालेच माहीत नाई," सुखदेव म्हणाला.

"नाई."

"आन आता कुठी आहे?"

"माहीत नाई."

माणसांच्या चेहऱ्यांवरचा राग माझ्या डोळ्यांदेखत उतरला आणि त्याखाली जे होतं ते वर आलं. ज्याने दगड धरला होता तो रस्त्यापलीकडच्या झाडीकडे पाहू लागला. मग एकेक जण तिकडेच पाहू लागला. परत जायचं होतं त्याच झाडीतून. ज्याने देवरावभाऊंची टोपी काढली होती त्याने ती त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "भाऊ, तुमी चाला ना आमच्यासंग. गावापर्यंत." देवरावभाऊंनी टोपी घातली. ते ट्रॉलीतून उतरलेच नाहीत. ट्रॅक्टर तसेच गेले, सगळी माणसं एकमेकांना चिकटून उभी.

पुढचं सांगून टाकते. रेंजर साहेबांनी आम्ही केलेलं काम वर कळवलं, उशिराने हुकूमही आला, पण तो वाघ पुन्हा कोणत्याच कॅमेऱ्यात आला नाही. पकडला गेला नाही, मेलेला सापडला नाही. त्या वर्षी आमच्या भागातली मोहफुलं झाडाखाली सडली. वारा आला की तो आंबूस वास गावात यायचा आणि बाया पोरांना घरात ओढायच्या. सर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. फेऱ्याची पट्टी दाखवणारी तयार साधनं आता ढीगभर मिळतात, एका ओळीत काम होतं. त्यातली बहुतेक उरलेला वेळही सांगतात. मी ती वापरते, वेळ तेवढा झाकून ठेवते.

पण त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर सर पायरीवर बसले होते आणि मी त्यांना विचारलं, "सर, सत्तर म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? तुमचा जीव गेला असता."

काकू आतून काही सांगत होत्या, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"खानीत छत खाली आलं होतं," ते म्हणाले. "मी आन बाबूराव, दोघंच अंदर. लागलं नोतं कोनालेच. हवेचा एक पाइप तेवढा शाबूत. त्यातून वरच्यायचा आवाज ये. 'भेऊ नोका, पोचलोच. हातभर राह्यलं.' घंट्याभरानं पुन्हा, 'हातभर राह्यलं.' बाबूराव म्हने, हातभर तं आपुनच काढू इकडून. मी नाई म्हटलं. तो म्हने, आयकून नाई राह्यला का, हातभर म्हनतात. अन् त्यानं दगडाले हात घातला."

सरांनी हाताने वरून काहीतरी खाली येताना दाखवलं.

"मले काढलं दुसऱ्या दिवशी. हातभर नोतं पोरी. लय दूर होते ते. धीर द्याले बोलत होते. चांगले लोक होते, आपलेच लोक." त्यांनी पायरीवरून हात फिरवला. "धीर द्याले खोटं बोलनारा चांगलाच असते. पन आयकनारा त्या खोट्यावर पाय ठेवते."

माझी शेवटची बस केव्हाच गेली होती. सरांनी स्कूटर काढली. आमच्या गावाचा रस्ता नाल्यापर्यंत सागाच्या दाट झाडीतून जातो. उजेड जेमतेम उरला होता. नाल्याच्या उतारावर इंजिनचा आवाज कमी झाला, आणि दोन्ही बाजूंचं जंगल एकदम जवळ आल्यासारखं वाटलं. मोहाचा वास येत होता. मला राहवलं नाही.

"सर, इथे असेल का तो?"

कुणीही म्हणालं असतं, नाही, भिऊ नको, आलंच गाव.

"असू शकते," सर म्हणाले. "माह्या खांद्याले धर."

मी धरलं. त्यांचा खांदा थरथरत होता, पण त्यांनी गाडी थांबवली नाही.